आप्पांच्या नावाखालची लाल पट्टी

बेंगळुरात बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिससमोरची झाडं पुन्हा गुलाबी झाली आहेत. अंगावर पान नाही, नुसती फुलं. लोक रिंगरोडच्या कडेला गाड्या लावून फोटो काढतात, मागचे हॉर्न वाजवतात, आणि आधीच मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग आणखी अडते. परवा माझ्या रिक्षावाल्या अण्णाने इंजिन बंद केलं, मान बाहेर काढून वर बघितलं आणि म्हणाला, "चेन्नागिदे अल्वा, मॅडम?" छान आहे ना? मी नुसतं "हूं" म्हटलं. त्याला काय सांगू, की ही फुलं बघून माझ्या डोक्यात तिडीक जाते?

फुलांचा काही दोष नाही. पण ही फुलं आली की आमचा नवा सिझन येतो, आणि गेल्या वर्षीचा सिझन माझ्या डोक्यातून जात नाही.

निपाणीत आमचा हंगाम म्हणजे तंबाखूचा. तो कॅलेंडरात बघावा लागायचा नाही. वखारींची दारं उघडली की गल्लीत शिरताच नाक चुरचुरायचं, शाळेच्या दप्तराला वास लागायचा, आणि आप्पा संध्याकाळी घरी आले की आधी अंगणात उभे राहून शिंकायचे, मग आत यायचे. त्या हंगामाला ऊन लागायचं, वारा लागायचा, माणसांच्या पाठी लागायच्या. इथला हंगाम मीटिंग रूममध्ये ठरतो. बोर्डाचा रंग बदलायचा, सगळ्यांची गुणतालिका पुसून पहिल्यापासून सुरू करायची, दोन नव्या नक्षीचे स्ट्रायकर द्यायचे, झाला सिझन. एक बटण दाबलं की देशभर एकदम येतो. ते बटण दाबणाऱ्या टीममध्ये मी आहे.

ऑनलाइन गेम बनवणाऱ्या कंपनीत मी सर्व्हरचं काम बघते. गावी हे सांगितलं की हमखास विचारतात, "म्हणजे दिवसभर गेम खेळतीस व्हय गं?" मी सांगते, गेम खेळणारे वेगळे आणि गेम पडू न देणारे वेगळे. मी दुसऱ्या जातीची. माझ्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. आप्पा सातवीपर्यंत शिकले आणि वखारीत पोती उचलली, आईने विड्या वळल्या. मला जे येतं ते मी शिकून मिळवलंय, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. म्हणून तर गेल्या वर्षीची चीड जास्त आहे. ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच घरात येऊन थोबाडीत मारावी, तसं झालं ते.

गेम गेममध्ये फरक असतो. बंदुकीच्या गेममध्ये शंभर माणसं एका बेटावर उतरतात, आणि प्रत्येकाच्या फोनवर दिसतं ते किंचित शिळं असतं. निरोप तारेतून यायला वेळ लागतो ना! तुम्ही गोळी झाडता तेव्हा समोरचा तिथून केव्हाच सरकलेला असतो. मग सर्व्हर घड्याळ थोडं मागे फिरवून बघतो, की तुम्ही चाप ओढलात तेव्हा तो खरोखर कुठे होता. गाड्यांच्या शर्यतीत निरोप उशिरा आला, तर तुमचा फोन मनानेच ठरवतो की शेजारची गाडी सरळ गेली असेल. ती वळलेली असली तर मग एकदम उडी मारल्यासारखी भलतीकडे दिसते. हे सगळे उतावळे गेम. त्यांना पाव सेकंदाचीही कळ काढवत नाही. कॅरमचं तसं नाही. एकाने मारायचं, दुसऱ्याने थांबायचं. समोरच्याची वाट बघणं हा त्याचा नियमच आहे. मला तो सगळ्यात सभ्य गेम वाटतो. तुमचा फोन फक्त एवढंच कळवतो की स्ट्रायकर कुठे ठेवला, कोन किती, जोर किती. सोंगट्या कुठे आपटतील, कुठली पडेल, हे सगळं मुंबईतल्या मशीनवर ठरतं आणि दोघांच्या फोनवर परत येतं. फोनमध्ये कुणी कितीही गडबड केली तरी सोंगटी ऐकत नाही.

हे मी आप्पांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बोर्ड मुंबईत, तू बेंगळुरात, मी निपाणीत. मग पावडर कोण टाकतंय?"

आप्पांना कॅरमचं वेड. वखारीतून सुटल्यावर गजानन टेलरच्या दुकानात बोर्ड मांडलेला असायचा, आणि आमच्या गल्लीत मारुतीच्या स्ट्रायकरला तोड नाही असं लोक म्हणायचे. मारुती म्हणजे आप्पा. पुढे गुडघा गेला, दुकानापर्यंत जाणं कमी झालं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागून कोरमंगलात पीजीमध्ये राहत होते. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस का", "जेवले", "ठेवू का". बाप-लेकीत प्रेम नव्हतं असं नाही, विषय नव्हता. मग मी त्यांना आमचा कॅरम फोनवर घालून दिला, नाव टाकलं 'मारुती निपाणी', आणि रोज संध्याकाळी एक डाव सुरू झाला. दिवसा ते गजाननकाकांशी आणि इतरांशीही फोनवर खेळायचे.

डाव खेळताना माइक चालू असायचा. आणि काय सांगू, आप्पा बोलायला लागले! दोघांची नजर बोर्डावर असली की माणूस मोकळं बोलतो, हे मला तेव्हा कळलं. स्ट्रायकर सरकवता सरकवता ते सांगायचे, आत्या रुसलीय, आईचे डोळे तपासून घ्यायला हवेत, रात्री गुडघा ठणकतो पण तिला सांगू नको. मी सांगायचे, आज मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं बोलणं तोडलं. तिकडून नुसतं "हं" यायचं, मग एक सोंगटी पडायची. आणि बहुतेक डाव मी जिंकायचे. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर मी फुशारकी मारायचे, आमच्या गावच्या एक नंबरच्या खेळाडूला मी हरवते. मला ते मनापासून खरं वाटायचं.

गेल्या वर्षी फुलं आली तेव्हाच्या सिझनमध्ये आम्ही एक नवी गोष्ट आणली. खेळ साफ ठेवणारं मशीन. रोग खरा होता, ते मी नाकारत नाही. काही लोक दोस्ताला मुद्दाम हरायला लावून वरच्या रँकला चढत होते. मशीन काय करायचं, तर एक माणूस इतरांशी कसा खेळतो आणि एका ठरावीक माणसाशी कसा खेळतो, हे ताडून बघायचं. सगळ्यांशी नेम अचूक आणि एकाशीच सारखा चुकतोय असं दिसलं, की हरणाऱ्याच्या नावाखाली वर्षभरासाठी लाल पट्टी. पट्टीवर एकच शब्द: 'संगनमत'. पट्टी असेपर्यंत कुणाशीच डाव लावता यायचा नाही, आणि नाव मात्र सगळ्यांच्या यादीत तसंच दिसत राहायचं.

सिझन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी मी गेम उघडायच्या आधीच आप्पांचा फोन आला.

"आगं, माझ्या नावाखाली लाल काय आलंय? सं-ग-न-मत. म्हणजे काय गं?"

मला अर्थ माहीत होता, पण सांगितला नाही. "काहीतरी चुकून झालंय आप्पा. मी बघते उद्या."

"गजा म्हणतोय, त्याचा अर्थ लबाडी. समद्यांच्या फोनवर दिसतंय म्हणं." मग म्हणाले, "हसत हुता. म्हणाला, मारुतराव, कंपनी पोरीची आणि शिक्का बापाला!"

ते हसले नाहीत. वखारीत इतकी वर्षं काढलेला माणूस. तिथे मूठभर तंबाखू कमी भरला तरी हमालांची झडती व्हायची, आणि आप्पांची झडती कधी कुणी घेतली नाही. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नाहीत. आई दाखवते. त्या नावाखाली आता लाल पट्टी, आणि ती दुकानात बसून सगळे बघतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन नावाच्या सहकाऱ्याच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. ते मशीन त्याच्या टीमचं. तो मंड्याचा, साधा माणूस, माझ्याशी कानडीतच बोलतो. मी तावातावाने म्हटलं, तुझं मशीन चुकलंय, माझे वडील असं करणार नाहीत.

"फॅमिली अकाउंट आहे. तू याच्यात पडू नको," तो म्हणाला. "पॉलिसी आहे. मला पण तुझ्या सांगण्यावरून काढता येत नाही."

"काढू नको. पण एकदा डोळ्यांनी बघ तरी."

त्याने बघितलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "नोडु," म्हणाला, "बघ. बाकी सगळ्यांशी खेळताना हा माणूस राणी सोडत नाही. तुझ्याशी खेळताना राणी समोर असली तरी केसभर बाजूने मारतो. रोज. हात थरथरला असता तर सगळ्यांशी थरथरला असता ना? तू त्यांनाच विचार."

मला रागच आला. माझ्या बापाबद्दल मला हा मंड्याचा नवीन सांगणार? पण त्या संध्याकाळी मी विचारलं.

"आप्पा, तुम्ही मला मुद्दाम जिंकू देत होता?"

"कोण म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय."

"मशीनला काय कळतंय!" मागे टीव्हीचा आवाज, आईची भांडी. मग म्हणाले, "व्हय. सोडत हुतो. मग?"

"मग? मी काय लहान आहे का?"

"ल्हान असताना कुठं सोडला तुला एक तरी डाव? गजाच्या दुकानातनं रडत घरी गेलीस, तरी सोडला न्हाई. तवा शिकायचं हुतं तुला."

"आणि आता?"

"आता दिवसभर तिथं कुणाकुणाचं ऐकून घेतीस. सांजच्याला येऊन आणि बापाकडनं पण हरतीस काय?"

मी फोन धरून गॅलरीत उभी होते. समोर बेळ्ळंदूरच्या तलावावरून तो नेहमीचा कुजका वास येत होता, खाली टँकरवाला वॉचमनशी हुज्जत घालत होता, आणि मला रडावं का ओरडावं ते कळत नव्हतं. ओरडले. "तुम्ही मला सांगायचं ना! मी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरले!"

"सांगून काय सोडतात व्हय गं डाव?" आप्पा म्हणाले.

तेव्हापासून ही चीड आहे, आणि ती कुणावर काढावी हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मशीन चुकलं असतं तर बरं झालं असतं. मशीन बरोबर होतं. एक माणूस सगळ्या जगाशी नेम धरून खेळतो आणि एकाच माणसाशी हरतो, हे त्याने ओळखलं. माझ्याआधी ओळखलं. शिकलेली मी, बोर्डाच्या कोडची ओळ न् ओळ माहीत असलेली मी, रोज माझ्या डोळ्यांदेखत राणी केसभर हुकत होती आणि मला वाटत होतं मी जिंकतेय. ओळखलं त्याने, पण त्याला जे नाव दिलं ते लबाडीचं दिलं. दुसरं नाव त्याच्याकडे नव्हतंच. आम्हीच घातलं नव्हतं.

मी पुन्हा नवीनकडे गेले. म्हटलं, ठीक आहे, मुद्दाम हरले. पण मी कंपनीची माणूस, माझी रँक मोजलीच जात नाही. मग त्यांनी हरून फायदा कुणाचा केला?

नवीनने पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. "नियमात फायदा हा शब्दच नाही गं. मुद्दाम हरणं एवढंच आहे."

"मग नियम बदला."

"सरी, बरं, लिहून दे," तो म्हणाला. मी लिहून दिलं. गेम कसा असावा हे ठरवणाऱ्या कार्तिककडे मी मागणी केली, की रँक नसलेला एक साधा डाव ठेवा. घरचा डाव म्हणा. बाप-लेक, नवरा-बायको, आजी-नातू. तिथे कुणी हरलं काय, जिंकलं काय, मशीनने डोकावू नये. कार्तिक वाईट माणूस नाही. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "आयडिया क्यूट आहे. पण हरण्याने काहीच जात नसेल, तर लोक उद्या परत का येतील?"

मी म्हटलं, "माझे वडील रोज येत होते. रोज हरायला येत होते."

मीटिंगमध्ये दोघेतिघे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

एक वाट होती, नाही असं नाही. पट्टीवर बोट ठेवलं की खाली बटण यायचं: 'चूक मान्य करा'. दाबलं की शिक्षा निम्मी. मी आप्पांना सांगितलं, दाबून टाका, कोण बघतंय?

"काय मान्य करू?"

"तुम्ही मुद्दाम हरलात ते."

"ते तुझ्याजवळ मान्य केलंय की. त्यात चूक कुठली?"

"आप्पा, ते फक्त बटण आहे."

"मग तू दाब. तुझी कंपनी हाय. बापानं लबाडी केली असं तुला वाटत असलं, तर दाब."

त्यांचा पासवर्ड मीच घालून दिलेला होता. मला इथून दाबता आलं असतं. नाही दाबलं. नवं खातं काढून देते म्हटलं, तर म्हणाले, "नवं नाव कशाला? ह्या नावाला काय झालंय?"

मग वर्षभर संध्याकाळ रिकामी. रिंगरोडवर कॅबमध्ये अडकून मी फोन करायचे आणि आम्ही पुन्हा मूळपदावर आलो होतो. जेवलीस का. जेवले. ठेवू का. गुडघ्याचं मला आईकडून कळायचं, आणि आत्याचा रुसवा निघाल्याचं तर कितीतरी दिवसांनी. आप्पांनी गजानन टेलरच्या दुकानाकडे जाणंच बंद केलं. विचारलं की म्हणायचे, गुडघा. मी व्हिडिओ कॉल लावून बघायचे. दोघंही स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसायचो. हजारो लोकांचे डाव मी दिवसभर पडू देत नव्हते, एक सोंगटी अडकली तरी माझा फोन वाजायचा, आणि माझा स्वतःचा एक डाव वर्षभर बंद होता.

या आठवड्यात झाडं फुलली, नवा सिझन आला, आणि जुन्या पट्ट्यांची मुदत संपून त्या आपोआप गळून पडल्या. मी स्वतः बघितलं. 'मारुती निपाणी', खाली काही नाही. ताबडतोब फोन लावला.

"आप्पा, पट्टी गेली."

"कुणी काढली?"

"कुणी नाही. मुदत संपली."

"म्हणजे चूक झाली असं कोण म्हणालं न्हाई?"

"नाही."

"गजाला कोण सांगणार मग?"

माझ्याकडे नुसता राग होता, वर्षभराचा. मी म्हटलं, "तुम्ही डाव लावा. सांगायची गरज पडणार नाही. पण एक ऐका. ते मशीन अजून तिथंच आहे. माझ्याशी मुद्दाम हरलात तर पट्टी परत येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे गजाननकाकांशी खेळता तसंच माझ्याशी खेळायचं."

पलीकडे आप्पांनी खाकरून घेतलं. "बघ हां," म्हणाले.

काल संध्याकाळी डाव लागला. आणि लहानपणानंतर मी प्रथमच बघितलं, मारुतीचा स्ट्रायकर म्हणजे काय ते. घाई नाही, जोर नाही. बोर्डाच्या कडेला जाऊन दोनदा आपटून परत येणारा, आणि नेमकी हवी तीच सोंगटी भोकात ढकलणारा. राणी घेतली, लगेच कव्हर केली. माइक चालू होता, पण ते बोलत नव्हते. मी ऑफिसातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली. "हं" आलं नाही. मीही बोर्डाकडे वळले. माझ्या बऱ्याच सोंगट्या बोर्डावर तशाच पसरलेल्या, त्यांची एक उरलेली, ती भोकाच्या ओठावर. लहान पोरानेही घेतली असती.

पाळी त्यांची. स्ट्रायकर मधे आला आणि थांबला. डावीकडे सरकला, जिथून मारलं तर नक्की हुकेल. परत मधे आला. वेळेची हिरवी पट्टी पिवळी झाली. मी फोन हातात धरून नुसती बघत होते. मारा ना आप्पा, असं म्हणावं, की सोडा, असं म्हणावं? पट्टी संपता संपता त्यांनी मारलं. सोंगटी पडली. त्यांच्या नावावर कागदाची रंगीत फुलं उधळली गेली, आमच्याच टीमने काढलेली, आणि बिगूल वाजला.

"आप्पा, काय भारी खेळता तुम्ही," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

मी लगेच नव्या डावाचं निमंत्रण पाठवलं.

"ऐकू येतंय ना? आणखी एक डाव?"

"नको गं आज," ते म्हणाले. मग विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव. ठेवतो."